मॅडमचं आउटलुक नव्या मशीनवर: प्रकल्प नोंदी

सोमवार, ९ जून २०२५

हिशेब विभागातल्या मॅडमचं मशीन बदलायचं आहे. जुनं अकरा वर्षांचं, सुरू व्हायला सहा मिनिटं घेतं. मेल, कॅलेंडर, संपर्क, कामांची यादी, सगळं क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रामच्या जुन्या अवतारात. खातं पॉपचं, म्हणजे सर्व्हरवर गेल्या काही दिवसांचेच मेल. बाकी सगळं या एका डिस्कवर. त्यामुळे आज नुसतं बघायचं, कशालाही हात लावायचा नाही.

डेटा फाइल्सच्या यादीत दोन पीएसटी दिसल्या, म्हणजे आउटलुक मेल, कॅलेंडर वगैरे ज्यांत साठवतं त्या फाइली. मुख्य फाइल ११.४ जीबीची आणि 'जुने' नावाची दुसरी १.८ जीबीची. पहिलीची काळजी नाही, आउटलुक २०१० पासून पीएसटीची ठरलेली कमाल मर्यादा ५० जीबी आहे. खटकली ती लहान. गुणधर्म उघडून पाहिले तर ती ९७-२००२ च्या जुन्या बांधणीची निघाली. त्या बांधणीची मर्यादा २ जीबी. म्हणजे ही फाइल काठोकाठ भरत आलेली आहे आणि आधीच्याही मशीनवरून तशीच उचलून आणलेली आहे. तिचं नंतर बघू.

मॅडमची अट एकच. "उघडल्यावर मला नवं मशीन आहे हे कळता कामा नये." म्हणाल्या हसून, पण गमतीने नव्हे.

सोपा रस्ता एक्स्पोर्टचा. विझार्ड उघडा, पीएसटी निवडा, नव्या मशीनवर इम्पोर्ट करा. हा रस्ता घ्यायचा नाही असं ठरवलं. एक्स्पोर्टमध्ये मेल आणि भेटी जातात, पण फोल्डरचे व्ह्यू, ऑटोआर्काइव्हच्या (जुने मेल आपोआप बाजूला काढण्याच्या) सेटिंग्ज, मेलचे नियम आणि ब्लॉक केलेल्यांची यादी जात नाही. हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवलंय. सामान हलतं, मांडणी मागे राहते. म्हणून एक्स्पोर्ट न करता मूळ पीएसटी फाइलच उचलायची आणि नव्या मशीनवर तिलाच मुख्य फाइल करायचं.

मंगळवार, १० जून

आज अर्धा तास मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. "काय काय हवंय त्याची यादी द्या" म्हटलं असतं तर त्यांनी "मेल आणि कॅलेंडर" एवढंच सांगितलं असतं. म्हणून म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा, मी नुसता बघतो.

जे दिसलं ते असं. त्यांना एकही मेलचा पत्ता पाठ नाही. 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं टाइप करतात, नाव खाली येतं, एंटर. त्यातली निम्मी नावं संपर्कात नाहीतच, ती फक्त त्या खाली येणाऱ्या यादीत आहेत. मेलवर रंग लावतात. लाल म्हणजे पैसे अडकलेत, जांभळा म्हणजे मी विचारलंय आणि उत्तर नाही, हिरवा म्हणजे मिटलं. जांभळ्याला दिलेलं नाव आहे 'गप्प'. मेलचा मजकूर उजवीकडे नाही, खाली दिसतो. वरच्या पट्टीतलं तिसरं बटण त्या न बघता दाबतात, ते 'आलेला मेल अमुक फोल्डरला पाठव' असं क्विक स्टेप आहे. सह्या तीन. पहिली लोगोची, दुसरी नुसत्या नावाची, तिसरी फक्त थकबाकीदारांसाठी, जिच्यात 'स्नेहांकित' नाही.

"हे सगळं मेलच्या फाइलमध्येच असतं ना?" त्यांनी विचारलं.

नसतं, हीच तर अडचण. दुपारी बसून कुठलं काय कुठे राहतं ते काढलं. रंगांची यादी, क्विक स्टेप, फोल्डरचे व्ह्यू, नियम हे मुख्य पीएसटीच्या पोटात असतं. सह्या त्यात नाहीत. त्या अ‍ॅपडेटामधल्या रोमिंगखाली मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात, 'सिग्नेचर्स' नावाने. टेम्प्लेट आणि वारंवार घालायचे मजकुराचे तुकडे त्याच्याच शेजारी 'टेम्प्लेट्स'मध्ये. मॅडमनी स्पेलिंग तपासणीला शिकवलेले शब्द 'यूप्रूफ'मधल्या कस्टम डिक्शनरीत, ती साधी मजकुराची फाइल आहे. पत्त्यांची ती खाली येणारी यादी तिसरीकडेच, अ‍ॅपडेटाच्या लोकलखाली 'रोमकॅश' फोल्डरात. वरच्या पट्टीची बटणं चौथीकडे, पण ती पर्यायांमधून एका फाइलीत काढून घेता येतात.

अ‍ॅपडेटा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. 'डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप कॉपी केलं, झालं' म्हणणाऱ्यांचं बरोबर इथेच हुकतं.

बुधवार, ११ जून

सकाळी मॅडम यायच्या आधी कॉपी. आउटलुक बंद केलं, तरी फाइल 'वापरात आहे' म्हणून सुटेना. टास्क मॅनेजरमध्ये आउटलुकची प्रक्रिया मागे जिवंतच होती. ती संपायची वाट पाहिली, मारली नाही. पीएसटी उघडी असताना प्रक्रिया मारली की फाइल जखमी व्हायची भीती असते.

पेन ड्राइव्हवर टाकायला गेलो तर संदेश आला की फाइल या ड्राइव्हसाठी फार मोठी आहे. ड्राइव्हवर ४७ जीबी मोकळी. पाच मिनिटं डोकं खाजवलं, मग उलगडा झाला. ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा होता, आणि फॅट३२ वर एका फाइलीची मर्यादा ४ जीबी. जागा कितीही असो, ११.४ ची एकसंध फाइल त्यावर बसणारच नाही. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला. हे मला माहीत होतं. वेळेवर आठवलं नाही, एवढंच.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडे विंडोजची सर्टयूटिल आज्ञा चालवून शा-२५६ हॅश काढला, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा; एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. जुन्या डिस्कवरच्या फाइलचा आणि ड्राइव्हवरच्या फाइलचा. चौसष्ट अक्षरं, पहिली सहा आणि शेवटची सहा डोळ्यांनी जुळवली, मग वाटलं असला आळस बरा नव्हे, आणि दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवल्या. जुळल्या.

ड्राइव्हवरच्या प्रतीची आणखी एक प्रत काढून तिच्यावर स्कॅनपीएसटी, म्हणजे आउटलुकचं पीएसटी तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवलं. मूळ फाइलवर नाही. किरकोळ विसंगती दाखवल्या, दुरुस्ती करून पुन्हा चालवलं तेव्हा काही नव्हतं.

फोल्डरनिहाय आकार दाखवणारी खिडकी उघडून तिचे फोटो काढले. इनबॉक्स, सेंट, 'थकबाकी', त्याखालचे एकोणीस उपफोल्डर, प्रत्येकाचे केबी. नव्या मशीनवर याच आकड्यांशी ताडून बघायचं.

शुक्रवार, १३ जून

नवं मशीन मांडलं. आउटलुक शोधलं तर आधी 'नवं आउटलुक' उघडलं. नाव तेच, प्रोग्राम वेगळा. मॅडमच्या मांडणीतल्या बऱ्याच गोष्टी क्लासिकच्या आहेत, त्यामुळे ते बंद केलं आणि ऑफिसबरोबर आलेलं क्लासिक वापरलं.

पीएसटी कुठे ठेवायची? आउटलुकला 'डॉक्युमेंट्स' आवडतं, पण या मशीनवर ते क्लाउडशी जोडलेलं आहे. सतत बदलणारी ११ जीबीची फाइल क्लाउडच्या फोल्डरात ठेवणं म्हणजे दोघांची मारामारी लावून देणं. नेटवर्कवरच्या सामायिक जागेतही नाही, पीएसटी तिथून चालवायची नसतेच. थेट सी ड्राइव्हवर 'मेल' नावाचा फोल्डर केला.

खातं जोडताना सरळ आउटलुकमधून न जाता कंट्रोल पॅनेलच्या 'मेल'मधून गेलो. तिथला जुना डबा विचारतो की नवे मेल कुठे टाकायचे, नव्या डेटा फाइलीत की आधीच्या. आधीची निवडली आणि 'मेल' फोल्डरातली पीएसटी दाखवली. या एका टिकमार्कवर पुष्कळ काही ठरतं. पीएसटी नंतर बाजूला जोडली तर मेल दिसतात, पण रंगांची यादी मुख्य फाइलीतली धरली जाते आणि 'गप्प' हे नाव रंगाशिवाय नुसतं लटकत राहतं. रिमाइंडरही मुख्य फाइलीतल्या कॅलेंडरचे वाजतात, शेजारी जोडलेल्याचे आपणहून नाही.

आणि मग मी घोळ केला. ऑफलाइन न करताच आउटलुक उघडलं.

जुन्या मशीनवर 'प्रत सर्व्हरवर ठेवा, १४ दिवसांनी काढा' अशी सेटिंग होती. नव्या खात्याला आपण कुठले मेल आधीच उतरवलेत याचा पत्ताच नव्हता, त्याने चौदाच्या चौदा दिवसांचे पुन्हा उतरवले. ४१२ मेल. तेवढ्यावर थांबलं असतं तर इनबॉक्समधून एकगठ्ठा उडवले असते, पण नियम पीएसटीबरोबर आलेले होते आणि ते इमानदारीने कामाला लागले. दुसऱ्या प्रती एकोणीस उपफोल्डरांत वाटल्या गेल्या.

निवडून निवडून काढता आल्या असत्या. 'बदलल्याची वेळ' हा रकाना लावला की आजच्या तारखेच्या प्रती वर येतात. पण त्यात एखादा खरा मेल गेला तर कळणारही नाही. जुन्या मशीनवर सगळं शाबूत आहे. ही प्रत टाकून दिली, उद्या पुन्हा पहिल्यापासून.

जाता जाता नव्या मशीनचं घड्याळ दीड तास पुढे दिसलं. हाताने मागे करून घरी गेलो.

शनिवार, १४ जून

सुट्टीच्या दिवशी कोणी नाही, नवे मेल नाहीत, बरं पडलं.

आज क्रम असा. जुन्या मशीनवर शेवटचं सेंड-रिसीव्ह. मग 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची खूण काढली आणि पुन्हा एकदा रिसीव्ह. त्याने उतरवून झालेले मेल सर्व्हरवरून काढले. ब्राउझरमधून खातं उघडून पाहिलं, इनबॉक्स रिकामा. रिकामा इनबॉक्स बघून इतकं अस्वस्थ आजवर कधी वाटलं नव्हतं. ड्राइव्हवर बुधवारची पडताळलेली प्रत नसती तर हे धाडस केलं नसतं. मग फोल्डरांच्या आकारांचे ताजे फोटो, आउटलुक बंद, ताजी कॉपी, हॅश, जुळला. जुन्या मशीनवरचं खातं ऑफलाइन करून ठेवलं, नाहीतर सोमवारी सवयीने कोणी ते उघडायचं आणि नवे मेल तिकडे जायचे.

नव्यावर ऑफलाइन ठेवूनच सगळं जोडलं. फोल्डरांचे आकार ताज्या फोटोंशी ताडले, एकोणीसच्या एकोणीस बरोबर. रंग आले, 'गप्प' जांभळंच. मजकुराची चौकट खाली. मग ऑनलाइन केलं, चाचणीचा एक मेल आला, एकच आला. सर्व्हरवर १४ दिवस प्रत ठेवायची खूण परत लावली.

आता सुट्या वस्तू.

सह्यांचा फोल्डर कॉपी केला. प्रत्येक सहीच्या तीन फाइली असतात, वेबपानासारखी, साध्या मजकुराची आणि आरटीएफ. लोगो त्यांच्यात नसतो, तो त्याच नावाच्या शेपटीला 'फाइल्स' लावलेल्या उपफोल्डरात. तो फोल्डर मागे राहिला की लोगोच्या जागी लाल फुली येते. सह्या दिसल्या, पण कोणती सही कुठल्या खात्याला आपोआप लागायची हे सोबत येत नाही. ते हाताने ठरवलं. थकबाकीवाली चुकून पहिली लागली असती तर मॅडमनी साहेबांना 'स्नेहांकित' विना मेल पाठवला असता.

पत्त्यांची यादी हे आजचं नाजूक काम. रोमकॅशमध्ये 'स्ट्रीम ऑटोकम्प्लीट'ने सुरू होणारी फाइल असते, पुढे शून्य आणि मग अक्षर-आकड्यांची लांब शेपटी. शेपटी प्रत्येक मशीनवर वेगळी, म्हणून जुनी फाइल तशीच आणून ठेवली तर आउटलुक तिच्याकडे बघतही नाही. आधी नव्या मशीनवरून एक मेल पाठवायचा, म्हणजे तिथली फाइल तयार होते. आउटलुक बंद. नव्या फाइलीचं पूर्ण नाव कॉपी करून घ्यायचं, तिला 'ओल्ड' करून बाजूला सारायचं, आणि जुन्या मशीनवरच्या फाइलीला ते नाव द्यायचं. दिलं. उघडलं. 'टू'मध्ये दोन अक्षरं टाइप केली आणि नावं धडाधड खाली आली. एकट्या खोलीत 'आलं!' म्हणून ओरडलो, हेही नोंदवून ठेवतो.

ही यादी साधारण हजार नावांवर थांबते, म्हणून फार दिवसांत न वापरलेली आपोआप गळतात. मॅडमना सांगायचं आहे की कामाची नावं संपर्कात घाला. ऐकतील असं वाटत नाही.

डिक्शनरी, टेम्प्लेट, पट्टीची बटणं: झाली. वीस मिनिटं.

नियम २३. पीएसटीबरोबर आले, पण चार बंद पडून लाल दिसत होते. चौघांतही 'अमुक खात्यातून आलेला मेल' अशी अट, आणि आउटलुकच्या लेखी ते जुनं खातं आता अस्तित्वात नाही. पत्ता तोच असला तरी. प्रत्येकात खातं पुन्हा निवडलं. नियमांची वेगळी फाइलही जुन्या मशीनवरून काढून ठेवली होती, लागली नाही.

सोमवार, १६ जून

मॅडम बसल्या. पहिली वीस मिनिटं एक शब्द नाही. तिसरं बटण न बघता दाबलं गेलं. मग हाक आली.

"अहो, माझ्या कॅलेंडरमध्ये सगळे वाढदिवस दोन-दोन दिवसांचे झालेत."

गेलो. खरंच. वाढदिवस, कर भरायच्या शेवटच्या तारखा, सुट्ट्या, दिवसभराची प्रत्येक नोंद दोन चौकोनांत पसरलेली. दहाची भेट साडेअकराला. शुक्रवारचं दीड तास पुढचं घड्याळ डोक्यात लख्ख झालं. टाइमझोन चुकीचा होता आणि मी तो न बघता नुसते काटे मागे केले होते.

आउटलुकमध्ये 'दिवसभर' अशी खरी काही गोष्ट नसते. ती मध्यरात्र ते मध्यरात्र अशी भेट असते आणि वेळ जागतिक वेळेत साठवलेली असते. टाइमझोन दीड तासाने सरकला की ती दीड वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी दीडपर्यंत होते. मग ती दिवसभराची राहत नाही, दोन दिवसांत पाय पसरते. नोंदी बिघडलेल्या नव्हत्या. बघायचा चष्मा चुकीचा होता.

आउटलुक बंद, टाइमझोन बरोबर, घड्याळ आपोआपवर, आउटलुक उघडलं. सगळे वाढदिवस आपापल्या चौकोनात. दोन सोडून.

"ते दोन मी तुम्ही यायच्या आधी दुरुस्त केले होते," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे चुकीच्या चष्म्यातून बरोबर केलेले. आता ते आदल्या रात्री साडेदहाला सुरू होत होते. पुन्हा हाताने सुधारले. चाचणीसाठी शनिवारी पाठवलेल्या मेलवरही वेळ चुकीची पडली आहे, ती तशीच राहू दे.

दुपारी रिमाइंडर वाजेनात. आउटलुक एकदा 'क्लीन रिमाइंडर्स' या स्विचने सुरू केलं, त्याने यादी पुसून नव्याने बांधली. तीन वाजता पहिली घंटी. मॅडमनी 'स्नूझ' केलं.

बुधवार, १८ जून

डावीकडच्या आवडत्या फोल्डरांचा क्रम आला नव्हता. फोटो होता, ओढून लावले. तक्रार नाही.

सोमवार, २३ जून

'जुने' फाइल. जुन्या बांधणीची पीएसटी नव्या बांधणीत बदलून देणारं बटण आउटलुकमध्ये नाही. रिकामी नवी पीएसटी तयार करून फोल्डर एकेक करून तिकडे कॉपी करावे लागतात. 'हलवा' नाही, 'कॉपी'. मध्येच अडकलं तर अर्धं इकडे अर्धं तिकडे नको. दोन तास गेले. नव्या फाइलीचे आकडे जुनीशी जुळले, तरीही जुनी फाइल ड्राइव्हवर ठेवली आहे.

कॅलेंडरची एक वेगळी प्रत आयसीएस या कॅलेंडरच्या सर्वमान्य फॉरमॅटमध्ये काढली, निव्वळ विम्यासाठी. आधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची साधी फाइल, करून पाहिली होती. तिच्यात दर महिन्याची बैठक एक नोंद म्हणून येत नाही. तारखांची मर्यादा विचारते आणि प्रत्येक महिन्याची स्वतंत्र ओळ पाडते, म्हणजे परत आणली तर त्या सुट्या साठ भेटी, एकमेकींना न ओळखणाऱ्या. आयसीएसमध्ये पुनरावृत्तीचा नियम एकाच ओळीत राहतो, आणि पुढे ढकललेली मार्चची बैठक त्या नियमाला अपवाद म्हणून सोबत येते. आयसीएसचं २००९ चं मानक त्यासाठीच नीट लिहिलेलं आहे. रंगाचं नाव येतं, रंग येत नाही. 'गप्प' दिसेल, जांभळं नसेल.

जुनं मशीन फॉरमॅट करायची तारीख ३० जून लिहिली होती. मॅडमना विचारलं, आता पुसू का?

त्यांनी कॅलेंडर उघडलं, जुलैवर गेल्या, महिनाअखेरच्या एका लाल नोंदीवर बोट ठेवलं. "हे दर तिमाहीला असतं. हे एकदा पार पडू द्या."

३० जून खोडून १ ऑगस्ट केलं. मशीन कपाटात, वर चिठ्ठी: 'चालू करू नये, मेल ओढेल.'